ट्रॅक्टरचा सेल्फ आणि पेरणीचा वापसा
(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. मी कृषिविद्या शिकवणारा माणूस. बियाण्याचे प्रमाण, पेरणीचे अंतर, खताची मात्रा, तणांचा बंदोबस्त हे माझे नेहमीचे विषय. मग आज ट्रॅक्टरच्या सेल्फवर बोलण्याचे कारण काय? कारण साधे आहे. कोणत्याही पिकाची शिफारस उघडून पाहा, तिच्यात ‘वेळेवर पेरणी’ हे शब्द पहिल्या चार ओळींत असतात. या दोन शब्दांना पैसे लागत नाहीत, पण त्या दिवशी ट्रॅक्टर सुरू व्हावा लागतो. किल्ली फिरवल्यावर नुसते ‘टक’ वाजून यंत्र गप्प बसले, तर चांगले बियाणे आणि बीजप्रक्रिया घरातच राहतात.

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. ती दगा देऊ लागली की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर ट्रॅक्टर उतारावर उभा करायची सवय लावतो, नाही तर सेल्फ खोलून थेट तालुक्याच्या गावी नेतो. दोन्ही गोष्टींच्या आधी घरच्या घरी करण्याजोगी अर्ध्या तासाची तपासणी आहे. आज तीच सांगणार आहे. सेल्फची म्हणून सांगितली जाणारी पुष्कळशी तक्रार सेल्फची नसतेच, ती बॅटरीची आणि तारांच्या जोडांची असते, एवढे आज ध्यानात राहिले तरी या व्याख्यानाचे काम झाले.

एका वापशाच्या दिवसाची किंमत

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत खरिपाचे मुख्य पीक आता सोयाबीन आहे. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावर आणि जमिनीत वापसा आल्यावरच सोयाबीन पेरावे, अशी शिफारस आहे. गोदावरी आणि मांजरेच्या खोऱ्यातील भारी काळ्या जमिनीत वापसा उशिरा येतो, आणि तो येईपर्यंत पुढचा पाऊस दारात उभा असतो. कंधार, मुखेड, अहमदपूरकडच्या बालाघाटाच्या हलक्या माळरानावर वापसा लवकर येतो आणि तितक्याच लवकर निघून जातो. म्हणजे जमीन कोणतीही असो, हाताशी दोन-तीन दिवसच असतात. चिखलात पेरले तर तास चोपले जाते, वर पापुद्रा धरतो आणि बी कुजते. ओल उडाल्यावर पेरले तर उगवण विरळ होते. पुढचा पाऊस लांबला आणि पंधरा जुलै ओलांडली, तर सोयाबीनची पेरणी उशिराची ठरते व उत्पादन घटते.

आता थोडा हिशेब करू. पाच फणी पेरणी यंत्र, दोन ओळींत ४५ सें.मी. अंतर, म्हणजे एका फेरीत सव्वादोन मीटर रुंदी. ताशी ४ कि.मी. वेगाने चालले तर तासाला ९,००० चौरस मीटर. वळणे, बी-खत भरणे यात एक तृतीयांश वेळ गेला असे धरले तरी ६,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे दीड एकर पेरणी होते. आठ तासांत बारा एकर. बैलजोड्या कमी झाल्यामुळे एकेका ट्रॅक्टरवर पाच-सहा घरांची पेरणी अवलंबून असते. सेल्फसाठी एक दिवस गेला तर ट्रॅक्टरमालकाचे भाडे बुडतेच, शिवाय ज्यांची पाळी शेवटी आहे त्यांचा वापसा जातो. या बारा एकरांत बहुधा लहान शेतकऱ्यांचीच दोन-दोन एकरे असतात.

सेल्फ काय काम करतो?

विहिरीवरचे जुने ऑईल इंजिन हँडल मारून सुरू करणे पुष्कळांनी पाहिले असेल. हँडल उलटे फिरून मनगट मोडल्याचे प्रसंगही गावोगाव सांगितले जातात. हे हँडलचे काम विजेच्या मोटरकडे सोपवण्याची यशस्वी सुरुवात अमेरिकेत १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत झाली. चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने ती रचना केली होती. मूळ कल्पना आजही तीच आहे.

किल्ली फिरवली की बारीक तारेतून थोडा प्रवाह सेल्फवरच्या सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइड दोन कामे करतो. लोखंडी दांडा ओढून बेंडिक्सचा लहान दातेरी गिअर फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकवतो, आणि त्याच दांड्याच्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर टेकवून बॅटरीचा मोठा प्रवाह मोटरला देतो. मोटर फिरते, बेंडिक्स रिंगला फिरवतो, इंजिन फिरते. इंजिन लागले की बेंडिक्स सुटून मागे येतो.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबलेली हवा पाचशे अंशांच्या आसपास तापते तेव्हाच डिझेल पेट घेते. इंजिन रेंगाळत फिरले तर दाब गळतो, उष्णता सिलिंडरच्या भिंती शोषून घेतात आणि नुसता पांढरट धूर येतो. म्हणून सेल्फ ‘फिरतो तर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. तो जोमाने फिरला पाहिजे.

दिवे लागतात, मग बॅटरी चांगली कशी नाही?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. दिवा लागला, हॉर्न वाजला, म्हणजे बॅटरी चांगली, म्हणजे सेल्फच गेला, असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. हेडलाइटचा एक बल्ब साधारण ५ अँपिअर प्रवाह घेतो. आपल्याकडच्या ३५ ते ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा सेल्फ दोनशे ते चारशे अँपिअर घेतो.

समजा, टर्मिनलवर गंज चढला आहे आणि त्या जोडाचा विरोध एक शतांश ओहम आहे. पाच अँपिअरच्या दिव्याला त्या जोडात ५ गुणिले ०.०१, म्हणजे ०.०५ व्होल्टचा तोटा होतो. तो डोळ्याला दिसणार नाही. तीनशे अँपिअरच्या सेल्फला मात्र त्याच जोडात ३ व्होल्टचा तोटा होतो. बारातून तीन गेले, राहिले नऊ. तेवढ्यावर सेल्फ रेंगाळतो किंवा नुसता ‘टक’ करतो. तोंडाशी माती साचलेल्या पाटासारखेच हे आहे. एक घागर भरण्यापुरते पाणी येते, पण रान भिजत नाही.

आधी जीव, मग ट्रॅक्टर

तपासणीला हात घालण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. गिअर न्यूट्रल, पी.टी.ओ. बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाखाली दगड असावा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉप नॉब ओढून ठेवावा. किल्लीनेच बंद होणारा ट्रॅक्टर असेल तर डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढावी. हातातील अंगठी, कडे, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीजवळ विडी-काडी आणू नये, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि ठिणगीने बॅटरी फुटू शकते. तार काढताना आधी अर्थची आणि बसवताना अर्थची शेवटी, हा नियम मोडू नये. अॅसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. चाकापुढे खाली उभे राहून स्क्रूड्रायव्हरने किंवा पान्याने सेल्फचे बोल्ट शॉर्ट करून ट्रॅक्टर सुरू करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. अशा वेळी न्यूट्रल सेफ्टी स्विच बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो सुरू होताक्षणी पुढे येतो, आणि मागचे मोठे चाक समोर उभ्या असलेल्या माणसावरून जाते. पळायला वेळ मिळत नाही. एक दिवसाची पेरणी गेली तरी चालेल, पण हे करू नका आणि मुलाला किंवा ड्रायव्हरला करू देऊ नका.

सेल्फ काय बोलतो ते ऐका

किल्ली फिरवताना हेडलाइट लावून ठेवावा, आणि आवाज व उजेड दोन्हींकडे लक्ष द्यावे. या चाचणीला काही खर्च येत नाही.

१. आवाज नाही, दिवाही नाही : बॅटरी पूर्ण उतरलेली, किंवा बॅटरीचा जोड सुटलेला, किंवा मुख्य फ्यूज गेलेला.

२. दिवा झगझगीत, पण आवाज काहीच नाही : सोलेनॉइडपर्यंत प्रवाह पोचत नाही. किल्लीचा स्विच, न्यूट्रल किंवा क्लचचा सेफ्टी स्विच, बारीक वायर ही संशयाची ठिकाणे. क्लच पूर्ण दाबून आणि गिअरचा दांडा हलवून पुन्हा पाहावे.

३. ‘टक-टक-टक’ असा सलग आवाज, दिवा लुकलुकतो : बॅटरी उतरलेली किंवा जोड ढिला.

४. एकच ठसठशीत ‘टक’, दिवा तसाच : सोलेनॉइडचे काँटॅक्ट जळालेले किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले. जाड तारेचा जोडही पाहावा.

५. एक ‘टक’ आणि दिवा एकदम मंद : बॅटरी अशक्त, किंवा बेंडिक्स रिंगमध्ये अडकून बसलेला, किंवा सेल्फ आतून जाम.

६. सेल्फ रेंगाळत फिरतो : बॅटरी, जाड तारा, अर्थ, आणि शेवटी सेल्फचे बुश झिजून आर्मेचर आत घासत असणे.

७. ‘घूंऽऽ’ करून मोटर फिरते, इंजिन हलत नाही : बेंडिक्स घसरतो किंवा पुढे सरकत नाही.

८. दात घासल्याचा करकरीत आवाज : बेंडिक्सचे किंवा रिंगचे दात झिजले, किंवा सेल्फचे बोल्ट ढिले.

९. किल्ली सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो : काँटॅक्ट चिकटले. ताबडतोब बॅटरीची अर्थ सोडवावी, नाही तर सेल्फ जळतो.

तपासणीचा क्रम

बॅटरीपासून निघावे आणि सेल्फपर्यंत जावे. उलट्या वाटेने जाऊ नये. एक साधा मल्टिमीटर आणि बारा व्होल्टच्या बल्बला दोन तारा जोडून केलेला टेस्ट लॅम्प एवढे साहित्य पुरे.

पहिली पायरी, बॅटरी. ट्रॅक्टर काही तास बंद असताना मीटर बॅटरीच्या दोन्ही खुंटांना लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग दुसऱ्या माणसाने तीन-चार सेकंद सेल्फ मारावा. त्या वेळी आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी आधी चार्ज करून घ्यावी व पुन्हा पाहावे. चार्ज करूनही घसरत असेल तर दुकानात हायड्रोमीटरने सहाही कप्पे तपासून घ्यावेत. एखाद्या कप्प्याचा आकडा इतरांपेक्षा पन्नास अंकांहून जास्त खाली असेल तर तो कप्पा गेला असे समजावे.

दुसरी पायरी, जाड तारेतील तोटा. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर ठेवावी, वरच्या टर्मिनलवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटावर. दुसरी सेल्फच्या जाड बोल्टावर, जेथे बॅटरीची तार येते तेथे. सेल्फ मारताना मीटर जो आकडा दाखवील तेवढा तोटा त्या वाटेत होत आहे. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतो. त्याहून जास्त असेल तर खुंट ते टर्मिनल, टर्मिनल ते तार, असे तुकडे करून मोजावे. चोर कोणत्या जोडात आहे ते सापडते.

तिसरी पायरी, अर्थ. एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरी सेल्फच्या अंगावर स्वच्छ धातूवर. येथे तोटा पाव व्होल्टच्या आत असावा. ही बाजू तपासायचे बहुतेक जण विसरतात. अर्थची पट्टी चॅसिसला किंवा इंजिनच्या अंगाला जेथे आवळलेली असते तेथे चिखल, ऑईल, रंग आणि गंज यांचा थर बसतो. आपल्या काळ्या मातीचा चिखल ओल धरून ठेवतो, म्हणून हा जोड आतून लवकर सडतो.

मीटर नसेल तर पाच-सात सेकंद सेल्फ मारून थांबावे आणि प्रत्येक जोडाजवळ सावधपणे बोट नेऊन पाहावे. जो जोड गरम लागतो तो खराब.

चौथी पायरी, बारीक वायर. टेस्ट लॅम्पची एक तार इंजिनच्या अंगाला आणि दुसरी सोलेनॉइडच्या बारीक वायरच्या टोकाला लावून किल्ली फिरवावी. बल्ब लागला तर किल्लीपासूनची वाट ठीक आहे. नाही लागला तर दोष मागे आहे : सेफ्टी स्विच, किल्लीचा स्विच किंवा उंदराने कुरतडलेली वायर. उन्हाळ्यात ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीजवळ उभा असेल तर उंदराचा संशय आधी घ्यावा. सेफ्टी स्विच खराब निघाला तर नवा बसवावा, वायर जोडून तो कायमचा बाद करू नये.

पाचवी पायरी, सोलेनॉइड की मोटर? ‘टक’ होते पण फिरत नाही, अशा वेळी सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर मीटर धरून सेल्फ मारावा. मीटरने बाराच्या आसपास दाखवले तर आतील काँटॅक्ट जळाले आहेत. मीटर शून्याजवळ आला, मोटरकडच्या बोल्टावर इंजिनच्या अंगाशी दहाच्या वर व्होल्ट मिळाले आणि तरीही मोटर फिरली नाही, तर दोष मोटरच्या आत आहे, बहुधा ब्रशमध्ये. लाकडी दांड्याने सेल्फला हलकेच ठोकल्यावर तो फिरला, तर ब्रशचा संशय पक्का होतो. पण हा तात्पुरता उपाय आहे, पुढच्या वेळी तो ऐकेलच असे नाही. नव्या गिअर रिडक्शनच्या काही सेल्फमध्ये कायम चुंबक असतात, ते ठोकल्याने तडकतात. तेथे ठोकूच नये.

घरी करण्याजोगी दुरुस्ती

टर्मिनल व अर्थ : गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी धुवावी. हे पाणी बॅटरीच्या कप्प्यात जाऊ देऊ नये. खुंट आणि टर्मिनलची आतील बाजू पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावी, आवळून बसवावी आणि मग वरून व्हॅसलिन लावावे. व्हॅसलिन जोडाच्या आत नव्हे, जोड आवळल्यानंतर वरून. अर्थच्या बोल्टाखालचा रंग खरवडून धातू उघडा करावा. तार बदलायची झाली तर तेवढ्याच किंवा जास्त जाडीची घ्यावी. बारीक तारेवर वाचवलेले पैसे पेरणीत भरावे लागतात.

अडकलेला बेंडिक्स : किल्ली बंद करून, किल्ली खिशात ठेवून, वरचा गिअर टाकावा व ट्रॅक्टर पुढे-मागे थोडा हलवावा. बहुधा तो सुटतो. वारंवार अडकत असेल तर दात पाहावेत.

सेल्फ खाली काढणे : आधी अर्थ सोडावी. तारांना कागदाच्या चिठ्ठ्या बांधाव्यात. सेल्फ वजनदार असतो, शेवटचा बोल्ट काढण्यापूर्वी खालून हाताचा आधार द्यावा. बाहेरची माती पुसल्याशिवाय तो उघडू नये.

ब्रश : मागचे झाकण काढल्यावर ब्रश दिसतात. नव्याच्या निम्म्याहून आखूड झाले असतील, तार जळाली असेल किंवा स्प्रिंग मऊ पडली असेल तर पूर्ण संच बदलावा. ब्रश आपल्या घरात मोकळेपणाने सरकले पाहिजेत. आत साचलेली काजळी कोरड्या ब्रशने झाडावी.

कम्यूटेटर : ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर ब्रश घासतात, त्या काळ्या पडल्या असतील तर बारीक काच पेपरने घासाव्यात. एमरी पेपर वापरू नये, त्याचे कण पट्ट्यांच्या फटीत बसून शॉर्ट करतात. या भागाला तेल किंवा ग्रीस लावू नये.

बेंडिक्स आणि बुश : बेंडिक्स एका दिशेने मोकळा फिरावा व उलट दिशेने घट्ट धरावा. दोन्हीकडे फिरत असेल तर बदलावा. तो रॉकेल-डिझेलमध्ये बुडवून ठेवू नये, आतील ग्रीस धुऊन जाते. वरून फडक्याने पुसावा. दांडा बुशमध्ये डगमगत असेल तर बुश बदलून घ्यावेत.

चाचणी : मोटर काढलेली असताना नुसती बॅटरी लावून जमिनीवर ठेवू नये, ती उडी मारते. व्हाइसमध्ये पक्की धरून दोन-तीन सेकंदच फिरवावी.

आर्मेचर किंवा फील्ड कॉइलचा जळका वास, पट्ट्यांत खोल चरे, रिंगचे तुटलेले दात, ही कामे मात्र ऑटो इलेक्ट्रिशियनची आहेत. तेथे जाताना वरच्या पाचही पायऱ्यांचे आकडे कागदावर लिहून न्यावेत. तुमचे आकडे तुमच्यापाशी असले म्हणजे चांगला सेल्फ बदलला जाण्याचा आणि विनाकारण खर्चाचा प्रसंग टळतो.

पुराचे पाणी शिरले असेल तर

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा नदीकाठच्या शिवारांत उभी पिके आणि अवजारे दोन्ही पाण्यात गेली. अशा ट्रॅक्टरवर बसून आधी किल्ली फिरवण्याचा मोह होतो. तो टाळावा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, आणि सेल्फच्या जोरावर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रथम बॅटरी सोडवावी. इंजिन ऑईल, डिझेल टाकी, एअर क्लीनर यांत पाणी आहे का पाहावे व मेकॅनिककडून इंजिन मोकळे करून घ्यावे. सेल्फ आणि अल्टरनेटर खाली काढून, उघडून, गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा आणि उन्हात पूर्ण वाळवावा. गाळ आत वाळला की ब्रश घरातच चिकटतात व बुश खाल्ले जातात. पूर ओसरल्यावर महिन्याभराने सेल्फ गेल्याच्या तक्रारी येतात त्या यामुळेच.

वर्षाचे वेळापत्रक

मे महिना, मशागत संपल्यावर : पाचही पायऱ्यांची पूर्ण तपासणी. टर्मिनल व अर्थ घासून आवळणे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरीचे पाणी लवकर उडते, म्हणून दर पंधरा दिवसांनी पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे, बोअरचे किंवा आर.ओ.चे पाणी घालू नये, आणि अॅसिडही घालू नये. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यावेत. कमी आले तर फॅनचा पट्टा ढिला आहे का पाहावे व अल्टरनेटर तपासून घ्यावा.

जूनचा पहिला आठवडा : पेरणी यंत्र जोडून एक चक्कर मारावी. सकाळी थंड इंजिनावर आणि काम झाल्यावर गरम इंजिनावर, दोन्ही वेळा सेल्फ मारून पाहावा. थंड असताना लागतो आणि गरम झाल्यावर लागत नाही, हा जोडांचा, सोलेनॉइडचा किंवा बुशचा इशारा आहे.

सप्टेंबरअखेर, मळणीपूर्वी : सोयाबीनच्या मळणीत उडणारा भुसा आणि धूळ सेल्फ व तारांवर बसते. ती झाडून घ्यावी. कापून टाकलेले सोयाबीन शेतात आणि ढग डोक्यावर, अशा वेळी बंद पडणारा सेल्फ पेरणीच्या वेळेइतकाच महाग पडतो.

रोजच्या वापरात एक पथ्य पाळावे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये, आणि दोन प्रयत्नांत किमान एक मिनिट विश्रांती द्यावी. तीन-चार प्रयत्नांत इंजिन लागले नाही तर दोष डिझेलच्या वाटेत शोधावा. डिझेल लाइनमध्ये हवा असताना सेल्फ झिजवून काही हाती लागत नाही.

दुसऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून सुरू करायचा झाल्यास जाड केबलने पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडावे. चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हची केबल मात्र बंद ट्रॅक्टरच्या बॅटरीला न लावता, तिच्यापासून दूर इंजिनच्या अंगाला लावावी. ठिणगी पडली तर ती बॅटरीपासून लांब पडते.

ही सारी कामे एकट्याने करण्यापेक्षा गावातील चार-पाच ट्रॅक्टरमालकांनी मे महिन्यात एक दिवस ठरवून एकत्र करावीत. मीटर एकच पुरतो आणि तरुण मुलांचा हात बसतो. घरातील भगिनींनीही मीटर वाचायला शिकावे, एक जण किल्ली फिरवणार आणि दुसरा आकडा पाहणार, असे हे दोघांचे काम आहे. ट्रॅक्टर देखभालीच्या प्रशिक्षणासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, म्हणजे नांदेड जिल्ह्यात सगरोळी किंवा पोखर्णी आणि लातूर जिल्ह्यात लातूर येथे, विचारणा करावी.

बंधूंनो, पाऊस केव्हा यावा हे आपल्या हाती नाही. वापसा किती दिवस टिकावा हेही नाही. पण तो आला त्या सकाळी पहिल्या किल्लीला इंजिन लागावे, एवढी तयारी पूर्णपणे आपल्या हाती आहे. येत्या मे महिन्यात पाना, सोडा आणि पॉलिश पेपर घेऊन अर्धा तास ट्रॅक्टरजवळ बसा, ही विनंती.